चहाचे डाग परवडले, लिंबू आवरा!
दातांवर पिवळी-तपकिरी झाक दिसली, की खापर चहावर फुटतं. दोष आहेच, चहातलं टॅनिन दातांवरच्या लाळेच्या पातळ थराला चिकटतं. पण आपला दुधाचा चहा त्यातल्या त्यात सौम्य, कारण दुधातलं केसीन बरंचसं टॅनिन आधीच धरून ठेवतं. वजन कमी करायला सुरू केलेला कोरा चहाच जास्त रंगवतो.

खरी चिंता आहे ती डाग घालवायला दातांवर लिंबू-मीठ घासण्याची. लिंबाच्या रसाचा सामू साधारण २ ते ३. तोंडातला सामू ५.५ च्या खाली गेला, की दातांचं कवच म्हणजे इनॅमल विरघळू लागतं. झिजलेलं कवच पुन्हा येत नाही. आणि त्याखालचा थर मुळातच पिवळट! चहाचा डाग दंतवैद्याकडच्या साफसफाईत निघतो. चहानंतर चूळ भरा. लिंबू पोह्यांवरच पिळा.