मतटक्का टिकला, सत्ता गेली : छत्तीसगडच्या निकालाने अंदाजांना दिलेला धडा

भिलाई (छत्तीसगड) : छत्तीसगड विधानसभेसाठी 7 आणि 17 नोव्हेंबर 2023 रोजी मतदान झाल्यानंतर बहुतेक मतदानोत्तर चाचण्यांनी सत्ताधारी काँग्रेसला आघाडी दिली होती. 3 डिसेंबरच्या मतमोजणीत मात्र भारतीय जनता पक्षाने 90 पैकी 54 जागा जिंकल्या आणि काँग्रेस 35 जागांवर थांबली. आगामी निवडणुकीचे आडाखे बांधताना ही चूक समजून घेणे आवश्यक ठरते.

काँग्रेसला 2018 मध्ये सुमारे 43 टक्के मते व 68 जागा मिळाल्या होत्या. 2023 मध्येही तिची मते 42 टक्क्यांच्या वर राहिली. याउलट भाजपची मते सुमारे 33 टक्क्यांवरून 46 टक्क्यांवर गेली. टक्केवारीच्या हिशेबात ही वाढ प्रामुख्याने जनता काँग्रेस छत्तीसगड, बहुजन समाज पक्ष आणि इतरांच्या घसरणीइतकी आहे. सरकारवरील नाराजी मर्यादित असली, तरी विरोधी मतांची विभागणी टळली की सत्तांतर घडू शकते, हे त्यातून दिसते.

प्रचारकाळातही वातावरण बदलत होते. विवाहित महिलांना वर्षाला 12 हजार रुपये देण्याचे आश्वासन भाजपने पहिल्या टप्प्यापूर्वीच दिले. काँग्रेसने 15 हजारांची घोषणा दिवाळीच्या दिवशी, 12 नोव्हेंबरला केली; तोपर्यंत पहिल्या टप्प्याचे मतदान उरकले होते.

बदलाचा वेगही सर्वत्र सारखा नव्हता. सरगुजा विभागातील सर्व 14 जागा काँग्रेसकडून भाजपकडे गेल्या. भिलाईत मात्र एकाच पोलाद नगरीने दोन निराळे कौल दिले. वैशालीनगरमध्ये भाजपचे रिकेश सेन सुमारे 40 हजार मतांनी विजयी झाले, तर शेजारच्या भिलाईनगरमध्ये काँग्रेसचे देवेंद्र यादव यांनी माजी मंत्री प्रेमप्रकाश पांडे यांना 1,264 मतांनी हरवले. 2018 मध्येही यादव यांचे मताधिक्य तीन हजारांहून कमी होते. राज्यातील सरासरी कल येथे जसाच्या तसा लावला असता, तर ही जागा भाजपच्या खात्यात जमा झाली असती.

निवडणुकीच्या स्वरूपानुसारही मतदाराचा निर्णय बदलतो. काँग्रेसच्या 2018 मधील मोठ्या विजयानंतर काही महिन्यांतच दुर्ग लोकसभा मतदारसंघात भाजपचे विजय बघेल 3 लाख 90 हजारांहून अधिक मतांनी निवडून आले. त्यामुळे पुढील विधानसभेचा अंदाज बांधताना लोकसभेचा निकाल किंवा सत्ताधाऱ्यांची लोकप्रियता पुरेशी ठरणार नाही. तिसऱ्या पक्षांकडे उरलेली मते कोणत्या मतदारसंघात कोणाकडे वळतात, हे तपासावे लागेल.