आवरलेला हुंदका

थोर गायक कोणास म्हणावे याविषयी रसिकांत मतभेद असणारच. परंतु एका कसोटीवर बहुधा एकमत होईल. ज्याने एखादे गीत एकदा गायिल्यावर पुढे ते कोणीही गायिले तरी ऐकणाऱ्याच्या कानांत पहिलाच आवाज घुमत राहतो, त्याचे थोरपण निर्विवाद मानावे. अमेरिकेतील मेम्फिस शहरी नावारूपास आलेला कृष्णवर्णीय गायक जेम्स कार या कसोटीस पुरेपूर उतरतो. तथापि त्याचे नाव आपल्याकडे सोडाच, खुद्द अमेरिकेतही जाणत्यांच्या लहानशा वर्तुळाबाहेर फारसे कोणास ठाऊक नाही. या महिन्याच्या सदरात त्याच्या ध्वनिमुद्रिकांची ओळख करून देण्याचा विचार आहे.

कार ज्या परंपरेत वाढला तिला 'सदर्न सोल' म्हणतात. 'सोल' म्हणजे आत्मा, आणि 'सदर्न' म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतला. १९६०च्या दशकात टेनेसी राज्यातील मेम्फिस आणि अलाबामा राज्यातील मसल शोल्स येथील ध्वनिमुद्रणगृहांत हे संगीत बहराला आले. त्याचे मूळ मात्र कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये आहे. तेथे उपदेशक एक वाक्य उच्चारतो आणि समुदाय त्यास एकमुखाने साथ देतो; कीर्तनात बुवांनी चरण सोडला की टाळकरी तो उचलून धरतात, तसाच हा प्रकार. ईश्वरापुढे पदर पसरून केलेली ती आर्त विनवणी सोल गायकांनी माणसाकडे वळविली. शब्द प्रेमाचे, विरहाचे, संसाराचे झाले. पण आळवणीची रीत प्रार्थनेचीच राहिली. या प्रवाहात गोऱ्या खेडुतांच्या 'कंट्री' गीतांतील साधी, गोष्ट सांगितल्यासारखी शब्दरचनाही येऊन मिसळली. सार्वजनिक ठिकाणी वर्णभेद करण्यास मनाई करणारा कायदा अमेरिकेत १९६४ साली झाला, आणि कायदा झाला म्हणून समाजाची मने एका रात्रीत पालटली नाहीत. अशा काळात या ध्वनिमुद्रणगृहांत मात्र काळे गायक आणि गोरे वादक व गीतकार एकत्र बसून गाणे घडवीत होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

जेम्स कारचा जन्म १३ जून १९४२ रोजी मिसिसिपी राज्यातील कोहोमा या कापसाच्या मुलुखातील गावी झाला. लहानपणीच कुटुंब मेम्फिसला आले. चर्चमध्ये गाता गाता तो 'हार्मनी एकोज' या भक्तिगीते गाणाऱ्या संचात सामील झाला. रूझवेल्ट जेमिसन नावाच्या गृहस्थाने त्याचे गुण हेरले आणि त्याचे व्यवस्थापन अंगावर घेतले. १९६४ साली मेम्फिसमध्ये 'गोल्डवॅक्स' ही लहानशी ध्वनिमुद्रिका कंपनी निघाली होती. तिचे दोन चालक होते. एक क्विंटन क्लॉन्च हा जुना कंट्री वादक आणि दुसरा रुडॉल्फ रसेल हा व्यवसायाने औषधविक्रेता. जेमिसनने कारला त्यांच्याकडे नेले, आणि पुढील पाचसहा वर्षांत कारचे जे काही चिरंतन आहे ते बहुतेक सारे या कंपनीच्या तबकड्यांवर उमटले.

ख्यालगायनावर वाढलेल्या कानाला अडीच-तीन मिनिटांचे गीत म्हणजे केवळ मासला वाटण्याचा संभव आहे. परंतु जुन्या काळी आपल्याही बुजुर्गांना तबकडीच्या तीन-साडेतीन मिनिटांत अवघा राग उभा करावा लागे आणि त्या अडचणीतूनच काही अनमोल चिजा निपजल्या, याची येथे आठवण करावी. कारच्या गाण्याला तोच न्याय लावला पाहिजे.

१९६६ साली 'यू हॅव गॉट माय माइंड मेस्ड अप' या गीताने त्याला पहिले मोठे यश मिळाले. कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या पसंतीनुसार होणाऱ्या 'रिदम अँड ब्लूज' यादीत ते सातव्या क्रमांकापर्यंत गेले. प्रेमाने ज्याची मती गुंग केली आहे असा मनुष्य येथे बोलतो. त्याच वर्षीच्या 'पोअरिंग वॉटर ऑन अ ड्राउनिंग मॅन' या गीताच्या शीर्षकाचा अर्थच बुडत्याच्या अंगावर आणखी पाणी ओतणे असा आहे. आपण दुष्काळात तेरावा महिना म्हणतो, त्यातलीच ही गत. अशा विषयावर दुसरा एखादा गायक टाहो फोडील. कार तसे करीत नाही. तो तक्रार मांडतो ती एखाद्या सभ्य माणसाने शेजाऱ्यास आपली अडचण सांगावी तशी, आणि मग एखाद्याच शब्दावर आवाज किंचित चिरकतो. तेवढ्या एका चिरेतून आतला सारा कल्लोळ दिसून जातो.

त्याची कीर्ती मुख्यतः ज्या गीतावर उभी आहे ते 'द डार्क एंड ऑफ द स्ट्रीट' १९६७च्या आरंभी गाजले. हे गीत डॅन पेन आणि चिप्स मोमन या दोन गोऱ्या तरुणांनी १९६६ साली रचले. नॅशव्हिल येथे रेडिओ-निवेदकांच्या संमेलनास गेले असता पत्त्यांचा डाव मध्येच थांबवून, क्लॉन्चच्या हॉटेलातील खोलीत, अर्ध्या तासात त्यांनी ते लिहून काढले आणि ते कारलाच द्यावे अशी अट क्लॉन्चने घातली, असे सांगतात. समाजास मान्य नसलेले प्रेम हा त्याचा विषय. दोघे जण गल्लीच्या अंधाऱ्या टोकाला चोरून भेटतात. आपण चुकत आहोत हे त्यांना कळते, एक दिवस हे उघडकीस येणार हेही कळते, पण पाय मागे फिरत नाहीत.

कुटुंबात वाचल्या जाणाऱ्या मासिकात हा विषय कशासाठी, असे काही वाचक विचारतील. त्यांनी हे गीत एकवार ऐकावे एवढीच विनंती. त्यात पापाची फुशारकी नाही, त्याचे समर्थनही नाही. आरंभी गिटारच्या थरथरत्या स्वरांची एक लहानशी ओळ येते आणि पाठोपाठ कारचा आवाज, खालच्या पट्टीत, जवळजवळ बोलल्यासारखा. कोणी ऐकेल की काय या धास्तीने मनुष्य दबक्या आवाजात बोलतो, तशी ही सुरुवात आहे. मागे स्त्रियांचे स्वर हलकेच साथ करतात. पुढे पकडले जाण्याची भीती शब्दांत येते तेव्हा तेच शब्द पुन्हा पुन्हा उच्चारताना आवाज चढत जातो, आणि आता बांध फुटणार असे वाटते. ऐकणाराही त्या क्षणी बांध फुटण्याची वाट पाहू लागतो, कारण फुटला म्हणजे त्याची आणि आपलीही सुटका होईल. पण कार ती सुटका देत नाही. आवाज पुन्हा खाली येतो, अंधाराकडे वळतो, आणि अडीच मिनिटांच्या आसपास गीत विरून जाते. लज्जा आणि प्रीती या दोन भावना एकाच श्वासात, एकीने दुसरीला न झाकता ऐकू येणे ही दुर्मिळ गोष्ट आहे, आणि आमच्या मते कारचे सारे सामर्थ्य या आवरण्यात आहे.

हे गीत नंतर कितीतरी नामवंतांनी गायिले. पर्सी स्लेज, क्लॅरेन्स कार्टर, अरीथा फ्रँकलिन, त्याचप्रमाणे कंट्री गायनातील पोर्टर वॅगनर आणि डॉली पार्टन ही त्यांपैकी काही नावे. कोणी त्याला नाट्य दिले, कोणी गोडवा दिला. तरीही गीतकार डॅन पेन याने कारच्याच गायनाला अग्रमान दिला आहे. गंमत अशी की रिदम अँड ब्लूज यादीत दहावा क्रमांक मिळविणारे हे गीत सर्वसाधारण श्रोत्यांच्या यादीत सत्त्याहत्तराव्या क्रमांकापलीकडे गेले नाही. त्याच्या आदल्याच वर्षी पर्सी स्लेजचे 'व्हेन अ मॅन लव्ज अ वूमन' त्या यादीत अग्रस्थानी पोहोचले होते. पदरी मोठी कंपनी नसणे आणि गावोगाव सातत्याने कार्यक्रम करण्याची शक्ती नसणे, ही कारच्या मागे राहण्याची दोन उघड कारणे होत.

दुसरे कारण अधिक दुःखद आहे. कारला मनाचा आजार होता. कधी उन्माद तर कधी खोल विषण्णता, अशा दोन टोकांमध्ये मन हेलकावत राहणारा हा विकार आहे. १९६९च्या सुमारास गोल्डवॅक्स कंपनीचा कारभार आटोपला. १९७१ मध्ये अ‍ॅटलांटिक कंपनीने त्याची एक ध्वनिमुद्रिका काढली, पण तिचा बोलबाला झाला नाही. १९७९ साली जपानच्या दौऱ्यावर असताना तो रंगमंचावर ध्वनिक्षेपकापुढे निश्चल उभा राहिला आणि त्याच्याने गाववेना. पुढे बराच काळ तो आप्तांच्या आधाराने मेम्फिसमध्ये राहिला. १९९१ मध्ये क्लॉन्चच्याच प्रयत्नाने त्याचा 'टेक मी टू द लिमिट' हा नवा संग्रह निघाला. ७ जानेवारी २००१ रोजी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, फुप्फुसाच्या कर्करोगाने मेम्फिसमध्ये त्याचे निधन झाले.

ही हकिकत कळली की ऐकणाऱ्याच्या मनात एक समीकरण आपोआप तयार होते. मन दुखावलेले होते म्हणून गाणे इतके हृदयस्पर्शी झाले, असे आपण म्हणू लागतो. कारविषयी लिहिणारे पुष्कळ जण याच वाटेने गेले आहेत. त्यांचा हेतू सहानुभूतीचाच असतो, पण आमच्या मते यात कारवर अन्याय होतो. आजाराने त्याला काय दिले हे पाहायचे तर जपानचा तो प्रसंग पाहावा; आजाराने त्याचा आवाज बंद पाडला. ज्या तबकड्या आपण ऐकतो त्या, मन ताब्यात असताना, वादकांच्या साथीत, स्वर आणि शब्द तोलून गायिलेल्या आहेत. कोणत्या शब्दावर थांबावे, कोठे आवाज चढवावा, कोठे चढलेला आवाज माघारी आणावा, हा विवेक विकारातून येत नसतो. तो चर्चमधल्या वर्षानुवर्षांच्या तालमीतून येतो.

याचा पुरावा त्याच्या आणखी एका ध्वनिमुद्रिकेत सापडतो. हार्लन हॉवर्ड या कंट्री गीतकाराचे 'लाइफ टर्न्ड हर दॅट वे' हे गीत कारने १९६८ साली गायिले. एका कठोर झालेल्या स्त्रीला लोकांनी नावे ठेवू नयेत, जगण्यानेच तिला तसे केले, असा त्याचा आशय आहे. येथे कार स्वतःचे दुःख मुळीच सांगत नाही. तो दुसऱ्या कोणाची बाजू मांडतो. तरीही आवाजातली आर्तता तीच आणि तेवढीच आहे. केवळ स्वतःच्या जखमेवर गाणारा गायक हे करू शकता ना.

या भेदाला आम्ही इतके महत्त्व देतो याचे कारण केवळ संगीतातले नाही. मनाच्या आजाराचे माणूस ज्या घरात असते, त्या घरातील मंडळींना एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते. बाहेरचे लोक त्या माणसाच्या प्रत्येक बोलण्याकडे, हसण्याकडे, रुसण्याकडे आजाराच्याच चष्म्यातून पाहू लागतात. त्याने चांगला स्वयंपाक केला, सुरेख अक्षर काढले, तरी तेही त्या आजाराच्या खाती जमा होते. मग त्या माणसाचे असे स्वतःचे काय उरले? जेम्स कारचे गाणे हे जेम्स कारचेच होते, एवढा मान आपण त्याला देऊ शकतो.

जिज्ञासूंनी प्रथम 'द डार्क एंड ऑफ द स्ट्रीट' ऐकावे, नंतर 'पोअरिंग वॉटर ऑन अ ड्राउनिंग मॅन', आणि मग 'लाइफ टर्न्ड हर दॅट वे'. एके काळी या तबकड्या संग्राहकांच्या कपाटातच सापडत. आता इंटरनेटवर त्या सहज मिळतात, घरातील मुलांना सांगितले तर ती काढून देतील. इंग्रजी शब्द सगळे कळले नाहीत तरी बिघडत नाही. पहिल्या वेळी नुसता आवाज ऐकावा, आणि दुसऱ्या वेळी तो कोठे कोठे मागे फिरतो तेवढे ध्यान देऊन पाहावे.