परिचारिकेचे वेतन आणि सुबत्तेचा हिशेब

बारावीचे निकाल लागले की मध्यमवर्गीय घरांतून जे हिशेब मांडले जातात, त्यांत अलीकडे परिचर्येच्या शिक्षणाचा हिशेबही आवर्जून असतो. ज्या व्यवसायाकडे एके काळी पांढरपेशा समाज नाक मुरडून पाहत असे आणि जो पत्करणाऱ्या मुलीच्या लग्नाची काळजी नातेवाइकांनाच अधिक लागत असे, त्याच व्यवसायाविषयी आता पगार किती मिळेल, परदेशी जाता येईल काय, चार वर्षांत घर-गाडी होईल काय, अशी पृच्छा होते. या पृच्छेत गैर काही नाही. जो तो आपल्या शिक्षणाचे मोल पाहतो. परिचारिकेनेच तेवढे पाहू नये असा नियम कोणी केलेला नाही. मात्र तिच्या वेतनावर सुबत्तेने राहता येते काय, या साध्या प्रश्नाला आपल्या देशात एकच एक उत्तर नाही. ते तिच्या ज्ञानावर वा कष्टांवर अवलंबून नसून ती कोणाच्या नोकरीत आहे यावर अवलंबून आहे.

केंद्र सरकारच्या रुग्णालयात रुजू होणाऱ्या परिचारिकेला सातव्या वेतन आयोगाने सातव्या स्तरावर बसवले आणि तिचे प्रारंभीचे मूळ वेतन ४४,९०० रुपये ठरवले. केंद्रीय विद्यालयातील प्रशिक्षित पदवीधर शिक्षकाचाही स्तर हाच. जानेवारी २०२४ मध्ये महागाई भत्ता मूळ वेतनाच्या निम्म्यावर पोचला. त्या हिशेबाने मुंबईसारख्या शहरात घरभाडे भत्ता आणि परिचर्या भत्ता धरून ही रक्कम कपातीपूर्वी सुमारे नव्वद हजारांच्या घरात जाते. हे वेतन अल्प आहे असे कोणी म्हणणार नाही. त्यावर कुटुंब नीट चालते, मुले शिकतात, वृद्ध आईवडिलांचे औषधपाणी होते. परंतु याला सुखवस्तूपणा म्हणता येईल, संपन्नता नव्हे. मुंबईत एवढ्या एकट्या पगारावर दोन खोल्यांचे स्वतःचे घर घेणे किती दुरापास्त आहे, हे आमच्या वाचकांपैकी ज्यांनी गृहकर्जाचे अर्ज भरले आहेत त्यांना सांगावयास नको. सरकारी परिचारिकेच्या घरी जी सुबत्ता दिसते ती बहुधा दोन पगारांची असते.

आता तेच प्रमाणपत्र आणि परिचर्या परिषदेची तीच नोंदणी घेऊन दुसरी मुलगी खाजगी रुग्णालयात जाते. तिला दरमहा वीस हजार रुपये मिळतात असे धरू. हा आकडा आम्ही हवेतून घेतलेला नाही. त्याची कूळकथा पुढे येईल. तिच्या शिक्षणासाठी चार लाखांचे कर्ज काढले असेल आणि ते अकरा टक्के व्याजाने सात वर्षांत फेडावयाचे असेल, तर महिन्याचा हप्ता सुमारे ६,८०० रुपये होतो. भविष्यनिर्वाह निधीची वर्गणी कापली जाते. उरलेल्या अकरा-साडेअकरा हजारांत चौघींनी मिळून घेतलेल्या खोलीचे भाडे, जेवण, जाणे-येणे आणि गावी पाठवावयाचे पैसे. येथे सुबत्तेची गोष्ट काढणे ही थट्टाच होय.

यातली एक विसंगती तर फारच बोलकी आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेची वेतनमर्यादा जानेवारी २०१७ पासून २१,००० रुपये करण्यात आली. ज्या कामगाराला स्वतःच्या मिळकतीतून औषधोपचार परवडणार नाहीत असे शासन मानते, त्याच्यासाठी ही योजना आहे. म्हणजे वीस हजारांची परिचारिका कायद्याच्या दृष्टीने उपचार न परवडणाऱ्यांत गणली गेली. अतिदक्षता विभागात रात्रभर जागून ती ज्यांचे श्वास मोजते, त्या खाटेवर स्वतः पडण्याची पाळी आली तर तेथील काही दिवसांचे देयक तिच्या कित्येक महिन्यांच्या पगाराला गिळून बसेल.

हे असे का व्हावे? परिचारिका अनावश्यक आहेत म्हणून नव्हे. भारतीय परिचर्या परिषदेच्या मानकांनुसार शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे आणि सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी. प्रत्यक्षात रात्रपाळीला एकटी परिचारिका एक अख्खा कक्ष सांभाळताना कोणत्याही रुग्णाच्या नातेवाइकाने पाहिलेली असते. ज्या मालाची टंचाई त्याचा भाव चढतो, असे अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्यात शिकवतात. येथे तो धडा उलटा का फिरतो? आमच्या मते याचे एक मोठे कारण 'सेवा' या शब्दात दडले आहे. हा शब्द उच्चारला की वेतनाची चर्चा अप्रशस्त ठरते. देवी, भगिनी, माता अशा पदव्या मिळतात आणि करारपत्रावरचा आकडा जेथल्या तेथे राहतो. २२ मार्च २०२० रोजी साऱ्या देशाने आरोग्यसेवकांसाठी टाळ्या आणि थाळ्या वाजवल्या. पुढे २०२२ च्या मे महिन्यात महाराष्ट्रातील सरकारी परिचारिकांना कंत्राटी भरतीच्या विरोधात संप करावा लागला. शिक्षकवर्गाला हा अनुभव नवा नाही. २००० साली आणलेल्या योजनेत शिक्षकाचा 'शिक्षणसेवक' झाला आणि वेतनाचे मानधन झाले. त्या मानधनात २०२३ मध्ये वाढ झाली तेव्हाही प्राथमिक शिक्षणसेवकाच्या वाट्याला दरमहा १६,००० रुपयेच आले. नावात 'सेवक' घातला की पगारातून काय वजा होते, हे ज्यांनी भोगले आहे त्यांनी तरी परिचारिकेला त्यागाचे पाठ देऊ नयेत.

मग सुबत्ता दिसते ती कोठे? केरळात जिल्ह्यामागून जिल्हे फिरताना परिचारिकांच्या मिळकतीवर उभी राहिलेली घरे दिसतात हे खरेच आहे. पण ती घरे भारतातील वेतनावर उभी राहिलेली नाहीत. ती आखातातील दिनारांवर, ब्रिटनमधील पौंडांवर आणि मुलांपासून दूर काढलेल्या वर्षांवर उभी आहेत. या मार्गाची जोखीम २०१४ साली साऱ्या देशाने पाहिली. इराकमधील तिक्रित येथे युद्धाच्या तोंडी सापडलेल्या ४६ भारतीय परिचारिका जुलैमध्ये सुखरूप कोचीला परतल्या. त्याआधी त्यांतील काही जणी परत येण्यास कचरत होत्या, कारण घरी शिक्षणाची व दलालीची कर्जे थकली होती आणि तेथे काही महिन्यांचा पगार अडकला होता. तोफांच्या आवाजापेक्षा सावकाराच्या तगाद्याचे भय ज्या व्यवसायात अधिक वाटते, त्याची आर्थिक स्थिती वर्णन करण्यास आणखी आकड्यांची गरज नसावी.

ब्रिटनमध्ये तरी परिचारिका श्रीमंत आहे काय? तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवेत इंग्लंडमध्ये नव्या परिचारिकेचे वार्षिक वेतन एप्रिल २०२५ पासून ३१,०४९ पौंड झाले. रुपयांत बदलून पाहिले की डोळे दिपतात. परंतु कर आणि निवृत्तिवेतनाची वर्गणी जाता महिन्याकाठी हाती दोन हजार पौंडांच्या आसपास पडतात, आणि खर्चही पौंडांतच करावा लागतो. १९१६ साली स्थापन झालेल्या तेथील रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंगने डिसेंबर २०२२ मध्ये वेतनासाठी आपल्या इतिहासातील पहिला एवढा व्यापक संप पुकारला. ज्या लंडनमध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० मध्ये परिचर्येचे विद्यालय काढले, तेथील ही कथा.

अमेरिकेची गोष्ट थोडी निराळी आहे. तेथे मे २०२४ मध्ये नोंदणीकृत परिचारिकांचे मध्यम वार्षिक वेतन ९३,६०० डॉलर होते, आणि कॅलिफोर्नियात सरासरी वेतन १ लाख ३० हजार डॉलरच्याही वर गेलेले आहे. तेथे राहणेही महाग आहे हे मान्य. तरीही परिचारिकेला त्या वेतनावर सुबत्तेने राहता येते असे म्हणण्यास हरकत नाही. हे घडले ते समाजाच्या कृतज्ञतेपोटी नव्हे. १९४७ च्या अमेरिकी कायद्याने धर्मादाय रुग्णालयांना सामुदायिक वाटाघाटींच्या बंधनातून वगळले होते. धर्मकार्यात मजुरीचा प्रश्न कसा, हा तोच आपला ओळखीचा सूर. ही सूट १९७४ मध्ये गेली. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात हजारो परिचारिका संपावर गेल्या. कॅलिफोर्नियाने १९९९ मध्ये दर परिचारिकेमागे रुग्णांची कमाल संख्या बांधून देणारा कायदा केला आणि २००४ पासून तो अमलात आला. संख्येची सक्ती झाल्यावर रुग्णालयांना परिचारिका शोधाव्या लागल्या. शोधाव्या लागल्या की पगार द्यावाच लागतो.

आपल्याकडेही रस्ता आखून झालेला आहे. २९ जानेवारी २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खाजगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाचा विचार करण्यासाठी समिती नेमण्यास केंद्राला सांगितले. त्या समितीची शिफारस स्पष्ट होती. दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयात राज्य सरकारी परिचारिकेइतके वेतन द्यावे, शंभराहून अधिक खाटा असल्यास ते दहा टक्क्यांहून अधिक कमी नसावे, पन्नास ते शंभर खाटांत पंचवीस टक्क्यांहून अधिक कमी नसावे, आणि त्याहून लहान रुग्णालयातही दरमहा वीस हजारांखाली जाऊ नये. वर घेतलेला वीस हजारांचा आकडा हाच. जो अगदी तळाचा म्हणून सांगितला तो व्यवहारात छत होऊन बसावा, अशी ही उलटापालट आहे. केरळने २०१७ च्या परिचारिकांच्या आंदोलनानंतर एप्रिल २०१८ मध्ये किमान वेतनाची अधिसूचना काढून तो कायद्यात बसवला. महाराष्ट्रातील खाजगी रुग्णालयांचा पसारा पाहता येथेही ही सक्ती केव्हाच व्हावयास हवी होती.

तालुक्याच्या गावी दहा-पंधरा खाटांचे रुग्णालय चालवणारा डॉक्टर म्हणेल की मला हे झेपणार नाही. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि समितीने लहान-मोठ्यांचा भेद केला तो म्हणूनच. परंतु शेकडो खाटांच्या, संगमरवरी दालनांच्या रुग्णालयांनी या लहान डॉक्टरच्या आडोशाला उभे राहण्याचे कारण नाही. शिवाय वीस हजारांचा आकडा २०१६ चा आहे. वर्षाला पाच टक्के महागाई धरली तरी नऊ वर्षांनी तेवढ्याच किराण्याला एकतीस हजार लागतात. सरकारी वेतनाला महागाई भत्त्याची जोड असते; या आकड्याला ती नाही. तेव्हा किमान वेतनाला महागाईच्या निर्देशांकाशी जोडावे, वेतन बँकेतूनच द्यावे आणि रुग्णालयाच्या नोंदणीचे नूतनीकरण करताना खाटांच्या संख्येबरोबर वेतनपत्रकही तपासावे. यासाठी नवी समिती नेमण्याची आवश्यकता नाही. आरोग्य खात्याकडे नोंदणीच्या फायली आहेतच. त्यांत आणखी एक कागद मागावयाचा आहे.