बरीराचा नकार आणि रहमतीचा अर्थ

‘आम्हाला दया नको, हक्क हवेत’ ही घोषणा आपल्या मोर्चांमधून इतक्या वेळा दिली गेली आहे, की ‘दया’ हा शब्द ऐकला तरी आपल्या कपाळाला आठी पडते. ते बरोबरही आहे. दया करणारा वर असतो आणि घेणारी खाली. अबला, बिचारी, निराधार या शब्दांनी बायकांना जेवढे बांधून ठेवले, तेवढे शिव्यांनीही ठेवले नसेल. तरीही या लेखात दयेबद्दलच बोलायचे आहे. कारण मुस्लिम मैत्रिणींच्या प्रश्नांवर काम करताना हा शब्द पावलोपावली समोर येतो. मौलवी सांगतात, इस्लाम हा रहमतीचा धर्म आहे. तलाक मिळालेली बाई विचारते, मग ती रहमत माझ्या वाट्याला का आली नाही? यावर आपण चळवळीतल्या बायका सहसा म्हणतो, धर्म राहू दे बाजूला, कायद्याचे बोलू. कायद्याचे काम होते, पण तिचा प्रश्न तसाच राहतो. त्या प्रश्नाला उत्तर द्यायचे तर आधी परंपरेत काय आहे ते बघायला हवे.

कुराणात ११४ अध्याय आहेत. त्यांपैकी ११३ अध्यायांच्या आरंभी ईश्वराची दोन नावे येतात, रहमान आणि रहीम. दोन्हींचा अर्थ दयेशी जोडलेला आहे. ज्या अरबी धातूपासून ही नावे झाली, त्याच धातूपासून गर्भाशयासाठीचा शब्दही झाला आहे. दयेचे मोजमाप आईवरून घेण्याची ही रीत हदीसमध्येही दिसते. युद्धकैद्यांमधली एक बाई आपले हरवलेले मूल शोधत वेड्यासारखी फिरते आहे, मूल सापडताच त्याला छातीशी धरून पाजते आहे. तिच्याकडे बघून महंमद पैगंबर सोबत्यांना विचारतात, ही आपले मूल आगीत टाकेल का? आणि सांगतात, ही आपल्या मुलावर जेवढी दया करते त्याहून अधिक दया ईश्वर आपल्या दासांवर करतो. ईश्वराची दया समजावण्यासाठी इथे उदाहरण दिले आहे ते एका कैदी बाईचे, तेही हरलेल्या बाजूच्या. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

अशा गोष्टी आणखी आहेत. नातवाचा मुका घेताना पाहून अक्रा नावाचा टोळीप्रमुख फुशारकीने म्हणाला, की मला दहा मुले आहेत, मी एकाचाही कधी मुका घेतलेला नाही. त्यावर पैगंबरांनी त्याला सुनावले, की जो दया करत नाही त्याच्यावर दया होत नाही. नमाज पढवताना मागून तान्ह्या मुलाचे रडणे ऐकू आले तर ते नमाज आवरती घेत, कारण त्याची आई मागे उभी असे आणि तिचा जीव कासावीस होत असेल. (म्हणजे बायका मुले घेऊन मशिदीत येत होत्या, हेही यातून कळते!) मांजरीला कोंडून उपाशी मारणारी बाई नरकात गेली आणि तहानलेल्या कुत्र्याला विहिरीतून पाणी काढून पाजणाऱ्या वेश्येला क्षमा झाली, या दोन गोष्टी तर सगळ्यांच्या ओळखीच्या आहेत. मदिनेच्या मशिदीत झाडलोट करणारी एक काळी बाई वारली. लोकांनी तिला परस्पर पुरून टाकले. एवढ्यासाठी पैगंबरांना काय कळवायचे, असे त्यांना वाटले. ते कळल्यावर पैगंबरांनी मला का सांगितले नाही असे विचारले, तिची कबर दाखवायला लावली आणि तिथे जाऊन प्रार्थना केली.

या गोष्टी प्रवचनांतून सांगितल्या जातात आणि ऐकून डोळ्यांत पाणीही येते. पण बरीराची गोष्ट कितीजणींनी ऐकली आहे?

बरीरा ही गुलाम बाई. हजरत आयेशांनी तिला सोडवून स्वतंत्र केले. तिचा नवरा मुगीस अजून गुलामच होता. अशा वेळी स्वतंत्र झालेल्या बाईला लग्न ठेवायचे की मोडायचे हे ठरवण्याचा अधिकार होता. बरीराने मोडायचे ठरवले. मुगीसचे तिच्यावर अतोनात प्रेम. तो मदिनेच्या गल्ल्यांतून तिच्या मागे मागे रडत फिरे, आसवे दाढीवरून ओघळत. पैगंबरांना त्याची कणव आली. त्यांनी बरीराला विचारले, तू त्याच्याकडे परत गेलीस तर? बरीराने उलट विचारले, ही आज्ञा आहे का? पैगंबर म्हणाले, नाही, मी फक्त रदबदली करतो आहे. तेव्हा तिने सांगून टाकले, मला त्याची गरज नाही. आणि विषय तिथेच संपला.

कालपर्यंत गुलाम असलेली एक बाई, आणि समोर साक्षात पैगंबर. ती त्यांना स्पष्ट नकार देते. तिला कोणी उद्धट म्हणत नाही. संसार मोडणारी म्हणत नाही. ‘सबर कर बेटी’ असे सांगत नाही. मुगीसबद्दलची दया खरी होती, पण ती बरीराच्या निर्णयावर चढून बसली नाही. ज्याच्या एका शब्दावर सारे गाव चालते, त्याने आपला शब्द आज्ञा होऊ दिला नाही. मला वाटते, रहमतीचा खरा अर्थ इथे आहे. सत्ता हातात असताना ती आवरणे आणि समोरचीचा नकार ऐकून घेणे.

याच धर्तीची दुसरी गोष्ट साबित इब्न कैसच्या बायकोची. नवऱ्याच्या वागणुकीबद्दल किंवा धर्माबद्दल आपली तक्रार नाही, पण त्याच्याबरोबर राहणे आपल्याला जमणार नाही, असे तिने पैगंबरांना सांगितले. मेहेर म्हणून मिळालेली बाग परत करायची तिची तयारी होती. बाग परत झाली आणि ती मोकळी झाली. खुला म्हणतात तो हाच. आणि आपल्याकडे काय होते? खुला मागणारी बाई वर्षानुवर्षे हेलपाटे घालते, कारण नवऱ्याच्या संमतीशिवाय खुला नाही असे तिला ठणकावून सांगितले जाते. केरळ उच्च न्यायालयाने २०२१ साली बाईचा न्यायालयाबाहेरचा खुला मान्य केला, तेव्हाही त्यावर वाद झालाच.

याचा अर्थ असा मुळीच नाही की सातव्या शतकातले अरबस्तान हे स्त्रीमुक्तीचे नंदनवन होते. गुलामी होती, म्हणून तर बरीरा होती. युद्धात बायका कैद होत होत्या. बायकोला मारण्याबद्दल हदीसमध्ये दोन्ही सूर आहेत. आधी मनाई, मग पुरुषांच्या तक्रारीवरून दिलेली मुभा, मग मार खाल्लेल्या बायका गाऱ्हाणी घेऊन आल्यावर मारणाऱ्यांची केलेली निर्भर्त्सना. पैगंबरांनी स्वतः कधी कोणा बाईवर हात उगारला नाही, असे आयेशांचे सांगणे आहे. तरी कुराणातल्या चौथ्या अध्यायातील ३४व्या आयतीचा आधार घेऊन मारणारे आजही आहेत आणि त्या आयतीच्या अर्थावरून विद्वानांत वाद आहेत. शिवाय पैगंबरांचे निधन ६३२ सालचे, आणि हदीसचा सर्वांत मान्यता पावलेला संग्रह करणारे बुखारी नवव्या शतकातले. मोरोक्कोच्या फातिमा मर्निसी यांनी १९८७ सालच्या आपल्या पुस्तकात हाच धागा पकडला. बाईच्या हाती कारभार देऊ नये असे सांगणारी हदीस कोणी सांगितली, केव्हा सांगितली, त्या वेळी त्याचे हितसंबंध काय होते, हे त्यांनी तपासले. म्हणजे परंपरेत काय आहे एवढेच विचारून भागत नाही. त्यातले काय निवडले जाते आणि कोण निवडते, हेही विचारावे लागते. मांजर आणि कुत्रा निवडले गेले. बरीरा मागे राहिली.

दया जेव्हा हक्काची जागा घेते तेव्हा काय होते, हे आपण आपल्या देशात पाहिले आहे. शहाबानोने चाळीसहून अधिक वर्षे संसार केला. १९७८ साली तिला तलाक मिळाला. खालच्या कोर्टाने महिन्याला २५ रुपये पोटगी ठरवली, उच्च न्यायालयाने ती १७९ रुपये २० पैसे केली आणि सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली ती कायम केली. मग १९८६चा कायदा आला. इद्दतनंतर बाईला स्वतःचा निर्वाह करता येत नसेल तर तिने नातेवाइकांकडे बघावे, तेही नसतील तर वक्फ बोर्डाकडे. जे नवऱ्याकडून हक्काने घ्यायचे, ते भावाच्या आणि बोर्डाच्या दारात मागायची पाळी आली. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच कायद्याचा अर्थ असा लावला, की इद्दतच्या मुदतीतच नवऱ्याने तिच्या पुढच्या आयुष्याची वाजवी तरतूद केली पाहिजे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५चा मार्गही तिला खुला होता, हे २०२४च्या जुलैत पुन्हा स्पष्ट झाले. म्हणजे शहाबानोपासून ३९ वर्षे!

दुसरी बाजूही बोलायला हवी. मुस्लिम बाईबद्दल दया वाटणाऱ्यांची संख्या अलीकडे फार वाढली आहे. तोंडी तलाक २०१७ साली न्यायालयाने रद्द ठरवला, त्याचे आपण स्वागतच केले. १९६६ साली हमीद दलवाईंबरोबर मुंबईत सात मुस्लिम महिलांनी मोर्चा काढला होता, तेव्हापासूनची ती मागणी. पण २०१९च्या कायद्याने नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास ठेवला. काही महिला गटांना तो हवा होता. काहींनी विचारले, तो आत गेल्यावर पोटगी कोण देणार? हा प्रश्न विचारणाऱ्यांना मुल्लांचे साथीदार ठरवले गेले. आणि २०२२च्या १५ ऑगस्टला बिल्किस बानोच्या अकरा गुन्हेगारांना शिक्षेत सूट देऊन सोडण्यात आले, तेव्हा ही कणव कुठे होती? तीही एक दयाच होती, सरकारने गुन्हेगारांवर केलेली, जिने भोगले तिला न विचारता. खटला मुंबईत चालला, शिक्षा मुंबईत झाली, माफी गुजरात सरकारने दिली. तो अधिकार गुजरातचा नव्हताच, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४मध्ये ती रद्द केली.

मौलवींची दया असो, सरकारची असो की शेजारच्या समाजाची, एकच कसोटी लावून पाहावी. ही दया बाईचा नकार ऐकून घेते का? ‘ही आज्ञा आहे का?’ असे विचारायची मुभा तिला आहे का? नसेल तर ती रहमत नाही, तो कारभार आहे. ही कसोटी आपल्या सल्ला केंद्रांनाही लागू आहे. आलेल्या बाईला केस करायची नसेल, परत जायचे असेल किंवा कधीच परत जायचे नसेल, तर आपली तळमळ तिच्या डोक्यावर बसता कामा नये.

धर्म मानणाऱ्या मैत्रिणीला यापुढे ‘धर्म बाजूला ठेव’ असे सांगण्याऐवजी तिला बरीराची गोष्ट सांगू या. ती मोहल्ल्याच्या बैठकीत सांगावी, निकाह लावणाऱ्या काझींना ऐकवावी, खुलाचा अर्ज घेऊन जाताना बाईच्या मनात असावी. कोर्टातली लढाई त्यामुळे टळणार नाही आणि टाळायचीही नाही. पण ‘रहमतीच्या धर्मात बाईने गप्प बसावे’ असे कोणी म्हणाले, तर त्याला त्याच्याच ग्रंथातले उत्तर तिच्याकडे तयार असेल.