ग्रिल बघ, मग बोल!

शेंद्रा एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या कुणालाही लांबून येणारी गाडी दाखवा. नुसते हेडलाइट्स दिसले तरी पठ्ठ्या मॉडेल सांगतो, वर फेसलिफ्टच्या आधीचं की नंतरचं तेही. २००१ मध्ये स्कोडाचा प्लँट इथे आला, तेव्हापासून गाड्या ओळखणं हा इथला लोकल स्पोर्ट आहे.

आता त्याच पठ्ठ्याला घरच्या पेटीतला एखादा काळा-पांढरा फोटो द्या. खाकी हाफ पँटमधले पणजोबा आणि मागे लष्करी ट्रक. कुठला ट्रक? ‘मिलिटरीचा!’ संपलं नॉलेज.

दुसऱ्या महायुद्धात सुमारे २५ लाख भारतीय लष्करात होते. साताऱ्या-रत्नागिरीकडची तर गावंच्या गावं भरती झालेली. पत्रं सेन्सॉर व्हायची, ठिकाण लिहायची बंदी. त्यामुळे घरी फोटो उरला, पण मागे ना तारीख ना गाव. अशा वेळी फोटोत गुपचूप उभा असलेला ट्रकच कामाला येतो. फंडा तसा सोपा आहे.

सगळ्यात आधी पुढची काच बघा. काचेची वरची कड पुढे झुकलेली दिसते का? म्हणजे ट्रक पुढे वाकून रस्ता बघतोय असं वाटतं का? मग तो बहुतेक कॅनडात बनलेला सीएमपी, म्हणजे कॅनेडियन मिलिटरी पॅटर्न. काच उलटी झुकवली ती ऊन चमकून वरच्या विमानाला दिसू नये म्हणून. ही १३ नंबरची केबिन १९४१च्या अखेरीस आली. त्याआधीच्या ११ आणि १२ नंबरच्या केबिनची काच सरळ होती. म्हणजे काच झुकलेली असेल तर फोटो त्याआधीचा असूच शकत नाही. एका नजरेत तारीख निम्मी सुटली!

मग ग्रिल. जाळी चौकोनी असेल तर फोर्ड, तिरपी असेल तर शेव्हरोले. दोन्ही कंपन्यांनी एकाच डिझाइनवर गाड्या बनवल्या, एकूण ४ लाखांच्या वर.

तिसरा क्लू स्टिअरिंग. सीएमपीचं उजवीकडे. डावीकडे असेल आणि ट्रकला लांब नाक, मागे दोन अॅक्सल असतील, तर अमेरिकन जीएमसी सीसीकेडब्ल्यू असण्याचा चान्स जास्त. हे नाव म्हणजे चक्क कोड आहे. पहिला सी म्हणजे १९४१चं डिझाइन, दुसरा सी म्हणजे नेहमीची केबिन, के म्हणजे पुढच्या चाकांनाही ताकद आणि डब्ल्यू म्हणजे मागचे दोन अॅक्सल.

जीप असेल तर ग्रिलमधल्या फटी मोजा. युद्धातल्या जीपला पत्र्याच्या ग्रिलमध्ये नऊ, नंतरच्या सिव्हिलियन जीपला सात. आणि ट्रक शक्तिमान निघाला, तर महायुद्ध विसरा. तो जबलपूरचा, १९५०च्या दशकाच्या शेवटी आलेला. मग तुमचे आजोबा कदाचित ६२, ६५ किंवा ७१च्या लढाईतले.

शेंद्रावाल्यांसाठी खास बोनस. चारही चाकं अवाढव्य आणि लोखंडी, रबराचा पत्ता नाही असा ट्रॅक्टर दिसला, तर तो स्कोडाचा! जर्मनांच्या ताब्यातल्या म्लादा बोलेस्लावच्या कारखान्यात फर्डिनांड पोर्शेंच्या डिझाइनवर तो रशियाच्या आघाडीसाठी बनला. ऑक्टेव्हियाच्या खानदानात असाही एक काका होऊन गेला.

माझा एक मित्र शेंद्र्यात एका पार्ट्स कंपनीत क्वालिटीला आहे. त्याच्या घरी असाच पणजोबांचा फोटो. घरात पक्कं ठरलेलं, ‘ते ब्रह्मदेशात होते.’ आम्ही फोटो स्कॅन करून मोठा केला. काच पुढे झुकलेली, जाळी तिरपी. म्हणजे शेव्हरोले, ४१च्या अखेरीनंतरचा. मडगार्डवर पुसट तीन पानांचं चिन्ह होतं. क्लोव्हर! आठव्या भारतीय डिव्हिजनचं. ही डिव्हिजन आधी इराक-सीरियाकडे होती आणि सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीत टारांटोला उतरली. बॉनेटवर पांढरा तारा होता. दोस्त राष्ट्रांच्या गाड्यांवर तो ४३च्या मध्यापासून सर्रास दिसू लागला. म्हणजे पारडं इटलीकडे झुकलं. याच डिव्हिजनमधल्या मराठा पलटणीच्या नामदेव जाधवांना एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीवरच्या लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता.

मित्राने हे आजोबांना सांगितलं. वय ८०च्या पुढे. वडील लढाईवरून परतले तेव्हा ते चार-पाच वर्षांचे होते, आणि वडिलांनी घरात कधी काही सांगितलं नाही. आजोबा बराच वेळ फोटो बघत राहिले. मग म्हणाले, ‘इटलीत थंडी असते का रे? ते रात्री शेतावर जाताना लष्करातला जाड कोट घालायचे. ब्रह्मदेशात असला कोट कशाला देतील, असं मला लहानपणापासून वाटायचं. विचारायचं राहून गेलं.’

बॉस, मला तरी त्यावर काही बोलता आलं नाही.

अर्थात ट्रक म्हणजे पुरावा नव्हे. फोटोसाठी जवान कुणाच्याही गाडीला टेकून उभे राहायचे, जसे आपण शोरूमबाहेर उभे राहतो. म्हणून काच, जाळी, चिन्ह आणि तारा यांचा मेळ बसतोय का ते बघायचं आणि मग कागद शोधायचे. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर बेळगावला आहे. पलटण आणि सैनिक क्रमांक हाताशी असेल तर विचारणं सोपं जातं. नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करून बघा.

नजर तयार करायची असेल तर एका रविवारी बाइक काढा आणि अहिल्यानगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम गाठा. छत्रपती संभाजीनगरहून दोन-अडीच तास. १९९४ मध्ये सुरू झालेलं हे म्युझियम मुख्यतः रणगाडे आणि चिलखती गाड्यांचं. पण लष्करी गाडी डोळ्यांनी वाचायची सवय तिथे मस्त लागते.

आणि फोटो व्हॉट्सअॅपवर मागवू नका. कॉम्प्रेस होताना मडगार्डवरचं चिन्ह नेमकं गायब होतं. गावी जा, स्वतः स्कॅन करा, मागची बाजूसुद्धा. घरात फोटोबद्दल विचारता येईल असं कुणी असेल, तर हे काम पुढच्या लाँग वीकेंडवर ढकलू नका. ट्रकचं मॉडेल दहा वर्षांनीही सापडेल. कोटाची गोष्ट सांगणारं माणूस तोवर थांबेलच असं नाही.