हब आणण्याआधी

लेकीला घरून करायची नोकरी लागली. टेबलावर मोठी स्क्रीन, कीबोर्ड, माउस मांडले. लॅपटॉपला जोडायला मात्र जागा अपुऱ्या. आम्ही घाईने १२०० रुपयांचा हब आणला. कीबोर्ड चालला, माउस चालला. “अब्बू, स्क्रीन काळीच आहे!” दुकानदाराशी हुज्जत घातली, तर तो म्हणाला, “सर, आधी लॅपटॉप बघायचा असतो.” राग आला, पण खरे तेच होते.

टाइप-सी हे फक्त तोंडाच्या आकाराचे नाव. काही टाइप-सीतून नुसता डेटा जातो, काहींतून चित्र आणि चार्जिंगही. चित्रासाठी त्या पोर्टमध्ये ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’ लागतो. पोर्टशेजारी डीपीची किंवा थंडरबोल्टच्या विजेची खूण असली तर ठीक. नसली तर मॉडेल क्रमांकावरून कंपनीच्या माहितीपत्रकात पाहावे. हबवर ‘४के’ वाचून भुलू नये. ३० हर्ट्झ की ६०, ते विचारावे; ३० वर माउसचा बाण अडखळत सरकतो. हबमधून लॅपटॉप चार्ज केला तर काही वॅट हब स्वतःच खातो.

डॉकला बहुधा स्वतःचा अडॅप्टर असतो, किंमतही हबच्या कैक पट. दोन स्क्रीन लावणाऱ्याने, रोज लॅपटॉप काढून ऑफिसला नेणाऱ्याने तो घ्यावा. आमच्या लेकीला हबाचीही फारशी गरज नव्हती. लॅपटॉपच्या डाव्या बाजूला, चार्जरच्या पिनेलगत, एचडीएमआयचे छिद्र होतेच! साधी केबल लावली, स्क्रीन उजळली. हब आता कीबोर्ड-माउसपुरता. १२०० रुपयांचा हिशेब मात्र तिच्या अम्मीने अजून सोडलेला नाही.