मुंबईची हद्द शहापूरपर्यंत
शहराचा अभ्यास महापालिकेच्या वेशीपाशी थांबत नाही, हे इतिहासकार विल्यम क्रोनन यांनी १९९१मध्ये शिकागोवरच्या पुस्तकात दाखवून दिलं. धान्य, लाकूड आणि मांस पुरवणारा सारा मुलूख त्यांनी त्या शहराच्याच इतिहासात घेतला. मुंबई समजून घ्यायची तर तसंच ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात जायला हवं. मुंबईला पाणी देणारं तिथलं तानसा धरण १८९२चं; तिथलंच भातसा धरण तर आज मुंबईला जवळपास निम्मं पाणी पुरवतं. आणि त्याच तालुक्यातल्या आदिवासी पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकरसाठी हंड्यांच्या रांगा लागतात. मला हे सहन होत नाही. हे पाडे मुंबईबाहेरचे नव्हेतच. मुंबईच्या पाण्याचं नियोजन करताना पहिला हिशेब त्यांच्या तहानेचा व्हायला हवा.